आजोबांच्या मृत्यूची नोंदच नाही म्हणतात, तेव्हा काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा १९९४ साली गावच्या घरी वारले. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. वारस लावायला गेल्यावर तलाठी मृत्यू दाखला मागतात आणि ग्रामपंचायत सांगते, "आमच्याकडे नोंद नाही." वडील मागच्या वर्षी पुण्यात एका रुग्णालयात गेले. त्यांच्याही दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज केला होता, तोही परत आला. विचारणाऱ्या ताई ठाण्याला राहतात, गावी खेटे घालून कंटाळल्या आहेत, आणि "पाच हजार द्या, दोन्ही दाखले आणून देतो" म्हणणारा एक जण त्यांना भेटला आहे.

ताई, त्या माणसाला एक पैसाही देऊ नका. का, ते पुढे ओघात येईलच. माझी सगळी नोकरी ग्रामपंचायतीत गेली. आधी ग्रामसेवक, शेवटची वर्षं ग्रामविकास अधिकारी. जन्म-मृत्यूचं रजिस्टर कायम माझ्याच टेबलावर असायचं. शासनाने २०२४ मध्ये ही दोन्ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं, पण गाव अजून 'भाऊसाहेब' म्हणूनच हाक मारतं, म्हणून मीही इथे ग्रामसेवकच म्हणतो.

लोक ऑफिसात येतात ते "दाखला द्या" म्हणत. रहिवासाचा दाखला मिळतो तसाच मृत्यूचाही मिळेल, असा त्यांचा समज असतो. रहिवासाचा दाखला ग्रामसेवक घरपट्टीचा उतारा बघून, चार माणसांना विचारून देऊ शकतो. मृत्यूच्या दाखल्यात त्याला स्वतःचं काही लिहिताच येत नाही. रजिस्टरात जी ओळ आहे तिचा तो उतारा. ओळ असेल तर दाखला अडवून ठेवायचा अधिकार कुणालाही नाही, आणि ओळ नसेल तर सरपंचांनी सांगितलं काय नि आमदारांचा फोन आला काय, दाखला निघत नाही. म्हणून अर्जात "दाखला मिळावा" एवढंच लिहून भागत नाही. नोंद कुठे असायला हवी, ती तिथे आहे का, आणि नसेल तर ती कशी करून घ्यायची, हे तीन प्रश्न याच क्रमाने सोडवायचे असतात. तुमच्या दोन्ही अर्जांत हा क्रम चुकलाय.

आधी वडिलांचं बघू, ते सोपं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यातलं मूळ तत्त्व एकच: माणूस जिथे मरण पावला तिथल्या निबंधकाकडे, म्हणजे नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंद. गावात तो ग्रामसेवकच. मूळ गाव कुठलं, रेशनकार्ड कुठलं, मतदान कुठे, अग्नी कुठे दिला, याचा काही संबंध नाही. पुण्यात गेले आणि अंत्यविधी गावी केला तरी नोंद पुण्यातच होणार. तुमच्या ग्रामपंचायतीने अर्ज परत केला ते बरोबरच केलं. फक्त परत करताना कुठे जायचं ते सांगायला हवं होतं.

आता "पुण्यात" म्हणजे नेमकं कुठे, हेही बघा. पुणे महापालिका वेगळी, पिंपरी-चिंचवड वेगळी, पुणे, खडकी आणि देहूरोड अशी तीन कटक मंडळं (कॅन्टोन्मेंट बोर्ड) वेगळी, आणि हिंजवडीसारख्या गावात रुग्णालय असेल तर तिथली ग्रामपंचायत. प्रत्येकाचं रजिस्टर स्वतंत्र. चुकीच्या दारात उभं राहून "नोंद नाही" ऐकून परत आलेले लोक मी खूप पाहिलेत. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी कायद्याने रुग्णालयावर आहे, नातेवाइकांवर नाही. तेव्हा सरळ रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जा आणि विचारा, मृत्यू अहवाल कोणत्या कार्यालयाला कोणत्या तारखेला पाठवला. ते जावक रजिस्टर बघून सांगतात. काही मोठ्या सरकारी रुग्णालयांत नोंदणी केंद्र आतच असतं, मग बाहेर कुठे जायची गरजच नाही. आणि रुग्णवाहिकेत, वाटेत प्राण गेला असेल तर? वाहन त्यानंतर जिथे पहिल्यांदा थांबलं तिथली नोंद, असा नियम आहे. बहुतेक वेळा ते एखादं रुग्णालयच निघतं, जिथे डॉक्टरांनी 'आणण्यापूर्वीच मृत' असं लिहिलेलं असतं.

वडिलांचा दाखला हातात पडला की काउंटरवरून हलण्याआधी नाव वाचा. मराठीतलं वाचा, इंग्रजीतलंही वाचा. रुग्णालयात फॉर्म भरायची वेळ अशी असते की घरातलं माणूस भानावर नसतं. मग पुतण्या किंवा शेजारचा मुलगा भरतो, त्याला काकांचं कागदावरचं नाव माहीत नसतं, तो 'बापूसाहेब' लिहून मोकळा होतो. बँकेच्या पासबुकात 'पांडुरंग' आणि दाखल्यावर 'बापूसाहेब', की पुढची सहा महिने ही एक ओळ घरच्यांना नाचवते. बायकांच्या बाबतीत तर विचारू नका. माहेरचं नाव, सासरचं नाव, नावापुढे 'बाई' आहे-नाही, आधारवर 'सखुबाई' आणि सातबाऱ्यावर 'सखू'. नोंद होण्याआधी आधार कार्ड समोर ठेवून फॉर्म भरला तर यातलं नव्वद टक्के टळतं.

चूक झालीच असेल तर घाबरायचं कारण नाही. कलम १५ प्रमाणे निबंधक दुरुस्ती करू शकतो. नुसती लेखनातली चूक असेल तर कागद पाहून, आणि चूक मुळातली असेल तर प्रकरण माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं प्रतिज्ञापन घेऊन. मूळ ओळ खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून, तारीख घालून सही करतात. कुणी व्हाइटनर लावून नाव बदलून देतो म्हणाला तर तो तुमचं नुकसान करतोय असं समजा.

एका गोष्टीवर लोक हमखास भांडतात: दाखल्यावर मृत्यूचं कारण का नाही? कारण कायद्यानेच ते द्यायला मनाई आहे. कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मृत्यूच्या नोंदीच्या उताऱ्यात कारण उघड करायचं नाही. विमा कंपनीला कारण हवं असेल तर ते डॉक्टरांच्या कारण-प्रमाणपत्रातून द्यायचं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं बंधनकारक आहे, तीही फुकट. अपघात, सर्पदंश, विहिरीत पडणं, वीज कोसळणं अशा प्रकरणांत पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. शेतकऱ्याच्या घरी तर गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेचे दोन लाख याच कागदांवर अवलंबून असतात, त्यामुळे ते तालुका कृषी कार्यालयात वेळेत पोचले पाहिजेत. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवलाय म्हणून मृत्यूची नोंद थांबवून ठेवतात, ते मात्र चूक. मृत्यू झाला ही एक गोष्ट, तो कशाने झाला ही दुसरी. पहिलीची नोंद दुसरीसाठी अडत नाही.

आता आजोबा. खरं काम इथे आहे.

"नोंद नाही" हे उत्तर तोंडी मिळालं असेल तर ते उत्तरच नव्हे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ "संगणकावर दिसत नाही" एवढाच असतो. आत्ताची नोंदणी केंद्र सरकारच्या सीआरएस (नागरी नोंदणी) पोर्टलवर होते. १९९४ ची नोंद तिथे आपोआप असण्याचं कारण नाही. ती हाताने लिहिलेल्या रजिस्टरात आहे, आणि ते रजिस्टर कुठल्या तरी लोखंडी कपाटात तळाशी आहे. मृत्यूचं रजिस्टर हे कायमस्वरूपी जतन करायचं दप्तर आहे, ते रद्दीत काढायची परवानगी नाही. पण ते ग्रामपंचायतीतच असेल असंही नाही. पंचायत समितीत गेलं असेल, तहसीलच्या अभिलेख कक्षात असेल. तुमचं गाव तेव्हा ग्रुप ग्रामपंचायतीत असेल आणि नंतर वाडीची स्वतंत्र ग्रामपंचायत झाली असेल, तर जुनं दप्तर मूळ गावाकडेच राहिलेलं असतं. धरणात उठलेल्या गावांचं तर दप्तर एकीकडे आणि माणसं दुसरीकडे. जिल्हा तुटला तरी हेच होतं. पालघर २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळा झाला, तेव्हा तिकडची काही जुनी कागदपत्रं कुठल्या इमारतीत आहेत हे विचारत फिरावं लागायचं.

म्हणून मी सांगतो, माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज टाका. "माझ्या आजोबांचा दाखला द्या" असं त्यात लिहू नका. विचारा: अमुक गावाची १९९४ आणि १९९५ या कॅलेंडर वर्षांची मृत्यू रजिस्टरं सध्या कोणत्या कार्यालयाच्या, कोणत्या अधिकाऱ्याच्या ताब्यात आहेत? ती हस्तांतरित झाली असल्यास हस्तांतरणाच्या यादीची प्रत द्यावी. या प्रश्नाला "नोंद नाही" हे उत्तर चालत नाही. कुणाला तरी कपाट उघडावंच लागतं.

दोन वर्षांची रजिस्टरं का? रजिस्टर कॅलेंडर वर्षाचं असतं आणि अनुक्रमांक दर जानेवारीत एकपासून सुरू होतो. ओळ लागते ती नोंद केली त्या दिवशीच्या क्रमाने. मृत्यूच्या तारखेचा क्रम तिथे नसतो. डिसेंबरातला मृत्यू जानेवारीत कळवला असेल तर तो पुढच्या वर्षाच्या पुस्तकात, पहिल्या पाच-दहा ओळींत सापडतो. ग्रामसेवक एका तारखेचं पान बघून मान हलवतो आणि माणूस परत जातो. तुम्ही म्हणा, "भाऊसाहेब, पुढचे दोन-तीन महिने बघू या." शेजारी बसून पानं उलटा. आजोबांचं घरगुती नाव, वडिलांचं नाव, आडनावाऐवजी लावलेलं वाडीचं नाव, सगळं नजरेसमोर ठेवा. जुन्या रजिस्टरात 'गणपत बाळा' एवढंच लिहून मोकळं झालेलं सर्रास दिसतं.

आणि तारीख नक्की माहीत आहे का? घरात बहुधा इंग्रजी तारीख कुणालाच आठवत नाही. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी", "पितृपक्षाच्या आधी", "धाकटीच्या लग्नाच्या वर्षी" असं सांगतात. पण वर्षश्राद्ध ज्या तिथीला घालता ती तिथी तरी पक्की असते. त्या वर्षाचं पंचांग किंवा कालनिर्णय मिळवा, तिथीवरून तारीख निघते. दशक्रियेची छापील पत्रिका कुठल्या ट्रंकेत असेल तर सोन्याहून पिवळं. तीवर मृत्यूची तारीख असते, दहाव्याची तारीख असते आणि घाटाचं नावही असतं. ती जपून ठेवा, पुढे पुरावा म्हणूनही लागेल.

पणजोबांपर्यंत मागे जायचं असेल तर रस्ता वेगळा. कायदा महाराष्ट्रात १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, आणि त्या तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. त्यातलं जुनं बरंचसं मोडीत आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदी शोधायला हीच पुस्तकं बाहेर निघाली आणि ज्यांनी वर्षानुवर्षं कपाट उघडलं नव्हतं त्यांना मोडी वाचणारे शोधत फिरावं लागलं. तुम्हाला त्याची गरज नाही, पण कुणाला लागली तर माहीत असावं.

नीट शोधूनही ओळ सापडली नाही, तर मगच 'अनुपलब्धता प्रमाणपत्र' मागा. त्याचा ठरलेला नमुना आहे, नमुना १०. घाईने मागू नका म्हणतो त्याला कारण आहे. या प्रमाणपत्राच्या आधारे नवी नोंद झाली आणि नंतर जुनी ओळ सापडली, तर एका माणसाच्या मृत्यूच्या दोन नोंदी होतात. तारखांत दोन दिवसांचा फरक असला तरी प्रतिपक्षाचा वकील तेवढ्यावर उभा राहतो. जमिनीच्या वादात भाऊबंद हेच शोधत असतात.

मुदतीचं गणित सांगतो. मृत्यूची खबर एकवीस दिवसांत द्यायची, त्यात नोंद फुकट आणि पहिला दाखलाही फुकट. दहावा-तेरावा आटोपेपर्यंत यातले तेरा दिवस गेलेलेच असतात, पाहुणे पांगेपर्यंत अठरावा उजाडतो, म्हणून घरातल्या एखाद्या पोराला पहिल्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत पाठवावं. एकवीस ते तीस दिवसांत विलंब शुल्क भरून नोंद होते. तीस दिवसांपासून वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की ग्रामसेवकाच्या हातात काही उरत नाही. पूर्वी त्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागायचा, म्हणजे कोर्ट, वकील, तारखा. २०२३ मध्ये कायदा बदलला, तो १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला, आणि हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला.

ऐकायला हे सोपं झालं, आणि सोपं झालं म्हणूनच बिघडलं. काही तालुक्यांत धडाधड आदेश निघाले, खोट्या कागदांवर जन्माचे दाखले दिल्याच्या तक्रारी झाल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने वर्षानंतरच्या नोंदींचे आदेश थांबवले. मार्च २०२५ मध्ये नवी कार्यपद्धती आली आणि ती बरीच कडक आहे. पुरावे तपासायचे, पोलिसांचा अभिप्राय घ्यायचा, जाहीर प्रगटन काढून हरकती मागवायच्या, आणि खोटं निघालं तर अर्जदारावर गुन्हा. म्हणूनच म्हटलं, त्या पाच हजारवाल्याच्या नादी लागू नका. तो एकतर बनावट दाखला देईल, नाहीतर खोट्या पुराव्यांची फाइल तुमच्या सहीने दाखल करील. क्यूआर कोड आहे म्हणून दाखला खरा असंही नाही. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या नकली वेबसाइटवर नेणारे कोडही फिरतात. स्कॅन केल्यावर उघडणारा पत्ता शेवटी 'गव्ह डॉट इन' असा आहे का, तेवढं बघायचं.

फाइल कशी बांधायची? वर ग्रामपंचायतीचं नमुना १० मधलं प्रमाणपत्र. त्याखाली अर्ज, त्यात मृत्यू कुठे, कधी, कुणाच्या घरी झाला आणि तेव्हा नोंद का राहिली हे दोन-चार वाक्यांत. "अज्ञानामुळे" हा शब्द सगळे लिहितात आणि अधिकारी तो वाचतही नाहीत. खरं कारण लिहा. घरात शिकलेलं कुणी नव्हतं, पोलीस पाटलांना तोंडी सांगितलं होतं, वडील तेव्हा मुंबईला गिरणीत होते, जे असेल ते. मग पुरावे. आजोबांची पेन्शन असेल तर ती बंद झाल्याचं पत्र, विम्याचा दावा, सोसायटीच्या कर्जखात्यावर वारस लागल्याची नोंद, रेशनकार्डावरून नाव कमी केल्याची तारीख, आजीला निराधार योजनेचं अनुदान सुरू झालं असेल तर त्या वेळी जोडलेले कागद, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, ती दशक्रियेची पत्रिका. तहसीलमध्ये निराधारच्या जुन्या फायली बघायला विसरू नका. विधवेला अनुदान द्यायचं म्हणजे पतीच्या मृत्यूचा काहीतरी कागद त्या वेळी घेतलेलाच असतो. मी असताना एका आजींच्या फायलीत चक्क मूळ मृत्यू दाखलाच टाचलेला निघाला होता, आणि घरचे वर्षभर "नोंदच नाही" म्हणून हिंडत होते. दाखल्यावर नोंदणी क्रमांक होता, तो घेऊन रजिस्टर उघडलं, तर पान होतं, ओळ होती, फक्त आडनावाच्या जागी गावाचं नाव लिहिलेलं.

साक्षीदार द्यायचे तर मृत्यूच्या वेळी गावात असलेले द्या. तीस वर्षांपूर्वी ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशांची प्रतिज्ञापत्रं जोडलेली फाइल पहिल्या नजरेत पडते. तेव्हाचे पोलीस पाटील हयात असतील तर त्यांच्यासारखा साक्षीदार नाही.

आदेश झाला म्हणजे दाखला मिळाला असं समजून लोक घरी जातात. आदेशाची प्रत घेऊन पुन्हा ग्रामपंचायतीत यायचं, मग निबंधक नोंद करतो, मग दाखला. आदेशावर सही कुणाची आहे हे नीट बघा. नायब तहसीलदारांच्या सहीचे काही आदेश, त्यांना तो अधिकारच दिलेला नव्हता म्हणून, नंतर अडचणीत आले. या नव्या दाखल्यावर दोन तारखा दिसतील, मृत्यूची १९९४ ची आणि नोंदणीची आत्ताची. ते तसंच असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण विमा किंवा कोर्टाच्या कामात अशा उशिराच्या नोंदीला आधारभूत कागद मागतात, म्हणून आदेशाची आणि पुराव्यांची एक झेरॉक्स फाइल कायम घरी ठेवा.

अर्ज तोंडी करू नका, पोच घ्या. ग्रामपंचायतीच्या सेवा लोकसेवा हक्क कायद्यात आहेत आणि नोंद उपलब्ध असेल तर मृत्यू दाखल्यासाठी पाच दिवसांची मुदत आहे. 'आपले सरकार'वरून अर्ज केला तर तारीख आपोआप लागते. निबंधकाने नोंद करायला किंवा दुरुस्ती करायला नकार दिला तर २०२३ च्या दुरुस्तीने जिल्हा निबंधकाकडे अपिलाची सोय झाली आहे: तीस दिवसांत अपील, नव्वद दिवसांत निर्णय. ग्रामीण भागासाठी जिल्हा निबंधक म्हणजे जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. बरेच जण हे अपील कलेक्टर कचेरीत नेऊन देतात आणि महिना घालवतात. ग्रामसेवकाला शिव्या देऊन मात्र काही होत नाही. एकेकाकडे दोन-तीन गावांचा चार्ज असतो, आज कुठल्या गावात आहे हे फोन करून विचारून गेलात तर निम्मे खेटे वाचतात.

राहिला तलाठ्यांचा भाग. 'जिवंत सातबारा' मोहीम एप्रिल २०२५ पासून राज्यभर सुरू झाली आणि मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायला महसूल खातं स्वतः मागे लागलं. तुमच्यासारखे जुने मृत्यू एकदम वर आले ते त्यामुळे. मृत्यू दाखल्यासोबत वारसांबाबतचं सत्यप्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटील, सरपंच किंवा ग्रामसेवकाचा दाखला, आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि फोन नंबर लागतात. तुमच्या प्रकरणात वारस दोन पायऱ्यांनी लागतील, आधी आजोबांचे, मग वडिलांचे. म्हणून वडिलांचा दाखला आधी हातात आला तरी आजोबांचा फेरफार (जमिनीच्या दप्तरातली नावबदलाची नोंद) झाल्याशिवाय तो उपयोगी पडत नाही. आजोबांच्या पायरीवर आत्यांची नावं यायलाच हवीत. "त्यांना काही नको आहे" हे घरातलं बोलणं आहे, प्रतिज्ञापत्रात वारस म्हणून त्यांना वगळता येत नाही. नको असेल तर त्यांनी नंतर रीतसर हक्कसोडपत्र करावं.

आजोबांच्या नोंदीचा आदेश व्हायला वेळ लागणार असेल तर मधल्या काळात तलाठ्यांच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्यांना भेटून लेखी विचारा, नमुना १० चं प्रमाणपत्र आणि स्थानिक चौकशीचा पंचनामा यावर वारस नोंद घेतात का. काही ठिकाणी जुन्या मृत्यूला तसं घेतलंय, काही ठिकाणी साफ नाही म्हणतात. नाही म्हणाले तरी विचारलेला कागद तुमच्याकडे राहतो. आणि वडिलांच्या दाखल्याच्या चार-पाच सही-शिक्क्याच्या प्रती एकाच वेळी काढून घ्या. बँक, विमा, पेन्शन कार्यालय आणि तलाठी, प्रत्येकजण मूळ प्रत ठेवून घेतो, आणि नंतर एकेका प्रतीसाठी ठाण्याहून पुणं गाठावं लागतं.